खोल समुद्रातला प्राणी जिवंत वर कसा आणतात? दाबाच्या टाकीतलं विज्ञान आणि गोव्याचा वाटा

गुलाबी, लिबलिबीत, लोंबतं नाक आणि दुःखी चेहरा असलेला ब्लॉबफिश नावाचा मासा तुम्ही मीममध्ये नक्की पाहिला असेल. २०१३ मध्ये एका ऑनलाइन मतदानात त्याला जगातला सर्वांत कुरूप प्राणी ठरवण्यात आलं. पण तो फोटो २००३ मधल्या एका मोहिमेत न्यूझीलंडजवळ एक किलोमीटरहून जास्त खोलीवरून जाळ्यात ओढून आणलेल्या मेलेल्या माशाचा आहे. त्याच्या घरी, म्हणजे समुद्राच्या तळाशी, हा मासा असा दिसत नाही. तिथे तो चारचौघांसारखाच, मोठ्या डोक्याचा मासा आहे. त्याचं मऊ शरीर तिथल्या पाण्याच्या आधाराने उभं असतं. जाळ्यातली ओढाताण आणि बदललेली परिस्थिती यांनी त्याची रया गेली आणि आपण त्या अवस्थेचं मीम केलं.

२०२५ च्या सुरुवातीला स्पेनच्या टेनेरिफे बेटाजवळ दिवसाउजेडी पृष्ठभागावर आलेल्या काळ्या अँगलरफिशचा व्हिडिओही असाच व्हायरल झाला. शेकडो मीटर खोल अंधारात राहणारा तो मासा काही तासांतच मेला.

या दोन्ही गोष्टींमागे एकच अडचण आहे. खोल समुद्रातल्या बहुतेक प्राण्यांना आपण मेलेल्या किंवा मरणाऱ्या अवस्थेतच ओळखतो. मग ते जगतात कसे, श्वास किती घेतात, त्रास कधी होतो, हे कळणार कसं? त्यासाठी शास्त्रज्ञांनी एक उपाय शोधला. प्राण्यासोबत त्याच्या वाट्याचा दाबही वर आणायचा. तो कसा आणतात, त्यातून काय कळलं आणि गोव्यातल्या प्रयोगशाळेचा यात काय वाटा आहे, ते पाहू.

थोडक्यात

• समुद्रात दर १० मीटर खाली गेलं की दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. ५ हजार मीटरवर तो सुमारे ५०० वातावरण असतो.
• वर येताना प्राण्याला फक्त दाबातला बदल मारत नाही. गरम पाणी, उजेड आणि जाळ्यातली रगडपट्टीही मारते.
• १९७८ मध्ये ५,७०० मीटर खोलीवरचे छोटे प्राणी दाबासकट जिवंत वर आणल्याची नोंद प्रसिद्ध झाली.
• गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेत हिंदी महासागराच्या तळातल्या बुरशा दाबाखाली वाढवून पाहिल्या गेल्या.
• भारताला याच महासागराच्या तळावरून खनिजं काढायची आहेत. म्हणून तिथले जीव काय सहन करू शकतात, हा प्रश्न आता आपलाही आहे.

दाब म्हणजे नेमका किती?

हिंगोली जिल्ह्यातल्या साखरा गावात बसून तुम्ही हे वाचत असाल, तर सर्वांत जवळचा समुद्र तुमच्यापासून चारशे किलोमीटरहून लांब आहे. पण दाब समजून घ्यायला समुद्र लागत नाही, विहीर पुरते.

विहिरीत सहा परस, म्हणजे साधारण ३३ फूट पाणी असेल, तर तळाशी पाण्यामुळे एक वातावरण जास्तीचा दाब असतो. बुडी मारून तळाची वाळू आणणाऱ्याचे कान का दुखतात, ते यावरून कळेल. घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाबही बाहेरच्यापेक्षा जवळपास एवढाच जास्त असतो.

आता विहीर सोडा आणि हिंदी महासागराच्या मधोमध चला. मध्य हिंदी महासागर खोऱ्याचा तळ पाच हजार मीटरहून खोल आहे. ५,४०० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरवर साधारण साडेपाचशे किलोचा भार असतो. बोटाच्या नखावर साडेपाच क्विंटल हळद ठेवल्यासारखं समजा. तिथे अंधार असतो आणि पाणी जेमतेम एक-दोन अंश सेल्सिअस असतं.

मग तिथला प्राणी चिरडत का नाही?

कारण त्याच्या आत पोकळी नसते. दाबाने चिरडते ती हवा भरलेली वस्तू. रिकामा पत्र्याचा डबा खोल पाण्यात चेपतो, पण पाण्याने भरलेली उघडी बाटली चेपत नाही, कारण आत आणि बाहेर दाब सारखाच असतो. खोल समुद्रातला प्राणी त्या भरलेल्या बाटलीसारखा आहे.

पण गोष्ट इथेच संपत नाही. दाब प्राण्याला चिरडत नसला तरी त्याच्या पेशींतल्या रेणूंना दाटीवाटीने बसवतो. याचे दोन मोठे परिणाम होतात.

पहिला परिणाम पेशीच्या आवरणावर होतो. हे आवरण स्निग्ध पदार्थांचं असतं. थंडीत खोबरेल तेल जसं गोठतं, तसंच दाब वाढला की हे आवरण घट्ट होऊ लागतं. मग त्यातून होणारी ये-जा मंदावते आणि मज्जातंतूंचे संदेश बिघडतात. खोल पाण्यातल्या जीवांच्या आवरणात सहज न गोठणारी स्निग्धाम्लं जास्त असतात. म्हणून तिथल्या दाबातही ते मऊ राहतं.

दुसरा परिणाम प्रथिनांवर होतो. प्रथिनं काम करताना आकार बदलतात आणि दाब त्या बदलाला अडवतो. यावर अनेक खोल पाण्यातल्या माशांकडे टीएमएओ नावाचं रसायन आहे. ते प्रथिनांना सांभाळून धरतं. शिळ्या मासळीला जो उग्र वास येतो तो मुख्यतः याच टीएमएओचं जिवाणूंनी विघटन केल्यामुळे. मासा जितका खोल राहणारा, तितकं त्याच्या शरीरात टीएमएओ जास्त.

या वाढत्या प्रमाणावरून २०१४ मध्ये पॉल यान्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अंदाज मांडला. सुमारे ८,२०० मीटरच्या खाली मासा जगू शकणार नाही, कारण त्यापुढे शरीरातली क्षारता समुद्राच्या पाण्यापेक्षा वरचढ होईल. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटरवर स्नेलफिश कॅमेऱ्यात दिसला. आजवर चित्रित झालेला हा सर्वांत खोल मासा. म्हणजे अंदाज बऱ्यापैकी जवळचा निघाला.

वर आणलं की प्राणी का मरतो?

याची चार कारणं आहेत.

१. हवेची पिशवी. आपल्या किनाऱ्यावरच्या घोळ माशाचा ‘बोत’ लाखमोलाचा असल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ही त्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी. ३० मीटरवरून मासा झटकन पृष्ठभागावर आला की दाब चौपट कमी होतो आणि पिशवीतली हवा चौपट फुगू पाहते. मग पोट फुगतं, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून बाहेर पडतं. हवेची पिशवी असलेल्या खोल पाण्यातल्या माशांचं तर काही खरं नसतं.

२. आवरणं आणि प्रथिनं. ज्यांच्याकडे हवेची पिशवीच नाही, ते फुटत नाहीत. पण त्यांची पेशींची रचना मोठ्या दाबासाठी बेतलेली असते. दाब गेला की आवरणं गरजेपेक्षा सैल होतात आणि मज्जासंस्था गोंधळते. प्राणी तडफडतो किंवा निपचित पडतो.

३. उष्णता. दोन अंशांच्या पाण्यातून निघालेला प्राणी विषुववृत्ताजवळच्या समुद्रात अठ्ठावीस-तीस अंशांच्या पाण्यातून वर येतो. पुष्कळदा दाबाच्या आधी हा चटका जीव घेतो.

४. ओढाताण. जाळ्यात चिखल, दगड आणि इतर प्राण्यांबरोबर तो तासन्‌तास घुसळला जातो.

म्हणून ‘वर आणला की मासा फुग्यासारखा फुटतो’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. काही प्राणी तर दाब सुटूनही जगतात. जपानच्या तोबा मत्स्यालयातला बॅथिनोमस नावाचा महाकाय समुद्री किडा याचं गाजलेलं उदाहरण. मेक्सिकोच्या आखातातून आणलेला हा प्राणी साध्या टाकीत, साध्या दाबाखाली राहिला. २००९ च्या जानेवारीत खाल्ल्यानंतर त्याने अन्नाला तोंडच लावलं नाही, आणि तरी २०१४ च्या फेब्रुवारीपर्यंत तो जगला. पण तो येतो काही शे मीटरवरून. चार-पाच हजार मीटरवरच्या प्राण्यांकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही.

मुंबईत बांधलेलं जहाज आणि मेलेले नमुने

खोल समुद्रात जीवच नसतील, असं एकेकाळी मानलं जाई. १८४० च्या दशकात एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने साडेपाचशे मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी असा तर्क मांडला होता. १८७२ ते १८७६ या काळातल्या ‘चॅलेंजर’ मोहिमेने तो पार खोडून काढला.

आपल्याकडच्या समुद्रात हे काम ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजाने केलं. ते १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं. १८८८ पासून आल्फ्रेड अल्कॉक हे त्यावर सर्जन-निसर्गशास्त्रज्ञ होते. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रातून जाळ्याने वर काढलेले मासे, खेकडे, कोळंबी यांच्या कित्येक नव्या जातींची नोंद या जहाजामुळे झाली. ते नमुने कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात गेले. अल्कॉक यांनी १९०२ मध्ये या प्रवासांवर पुस्तकही लिहिलं.

पण हे सगळे नमुने स्पिरिटच्या बाटलीत होते. पाय किती, दात किती हे त्यांवरून कळे. जिवंतपणी तो प्राणी काय करतो, हे कळत नसे.

विसरलेल्या डब्याने दिलेला धडा

फ्रान्समध्ये पॉल रेन्यार यांनी १८८० च्या दशकातच उलट बाजूने सुरुवात केली होती. त्यांनी उथळ पाण्यातले प्राणी दाबाच्या भांड्यात घालून पाहिले. थोड्या दाबाला प्राणी अस्वस्थ होतात, आणखी वाढवला की निपचित पडतात, फार वाढवला की मरतात. दाब वेळीच कमी केला तर पुन्हा हालचाल सुरू होते. म्हणजे दाबाचा शरीरावर थेट परिणाम होतो, हे सिद्ध झालं.

यातली सर्वांत मजेदार घटना मात्र अपघाताने घडली. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी अमेरिकेची ‘ॲल्विन’ ही छोटी संशोधन पाणबुडी समुद्रात सोडताना दोर तुटून बुडाली. आतली माणसं वाचली, पण त्यांचा जेवणाचा डबा आत राहिला. सुमारे दीड हजार मीटरवरून दहा महिन्यांनी पाणबुडी वर काढली, तेव्हा आतलं सँडविच, सफरचंद आणि सूप जवळजवळ ताजं होतं! तेच अन्न नंतर तीन अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवलं, तर काही आठवड्यांत खराब झालं.

म्हणजे फक्त थंडीने अन्न टिकलं नव्हतं. डब्यासोबत वरून खाली गेलेल्या जिवाणूंना तिथली परिस्थिती मानवली नव्हती आणि त्यात दाबाचा हात होता. होल्गर यानाश आणि सहकाऱ्यांनी याचा पाठपुरावा केला. समुद्रतळावर ठेवलेलं अन्न कुजण्याचा वेग दहा ते शंभर पट कमी असल्याचं त्यांना आढळलं.

मग प्रश्न आला, वरच्यांना खाली मानवत नसेल, तर खालच्यांना वर कसं मानवेल? खालचे जीव खऱ्या अर्थाने बघायचे तर दाब सोडून चालणार नाही.

दाबासकट पकडायचं कसं?

१९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेचे अरिस्टिडीस यायानोस यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा लेख छापला. ५,७०० मीटर खोलीवरचे ॲम्फिपॉड, म्हणजे कोळंबीचे दूरचे छोटे नातेवाईक, त्यांनी सुमारे ५८० वातावरण दाब राखून जिवंत वर आणले होते.

असा सापळा कसा चालतो, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आमिष. जाड भिंतीच्या धातूच्या नळकांड्यात माशाचा तुकडा ठेवतात. नळकांडं उघड्या तोंडाने तळाशी जातं. आत-बाहेर दाब सारखाच असल्याने खाली जाताना त्यावर काहीच ताण नसतो.

दार बंद. वासाने प्राणी आत आले की ठरलेल्या वेळी दार बंद होतं. वर येताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा वाढत जातो आणि त्या दाबानेच दार रबराच्या कड्यावर आणखी घट्ट बसतं.

दाब टिकवणारी कुपी. खरी मेख इथे आहे. पाणी फारच कमी दबतं. त्यामुळे भांड्याचं पोट एक टक्का जरी फुगलं किंवा तेवढं पाणी झिरपलं, तरी आतला दाब दोनशे वातावरणांहून जास्त उतरतो! यावर उपाय म्हणून भांड्याला दाबाखालच्या वायूची एक कुपी जोडतात. मध्ये सरकता दट्ट्या असतो. पाणी थोडं कमी झालं की वायू प्रसरण पावतो, दट्ट्या पुढे सरकतो आणि दाब फारसा उतरत नाही. वायू हा स्प्रिंगसारखा असतो, म्हणून ही युक्ती चालते.

थंडावा. भांड्याभोवती उष्णतारोधक आवरण असतं, नाहीतर गरम पाण्यातून वर येतानाच आतला प्राणी शिजायचा.

स्थलांतर. जहाजावर आल्यावर दाब न सोडता प्राणी मोठ्या टाकीत न्यायचा असतो. दोन्ही भांड्यांचा दाब आधी सारखा करतात, मगच मधली झडप उघडतात. कालव्यावरच्या जलपाशात दोन्ही बाजूंची पातळी सारखी करून मगच दरवाजा उघडतात, तसंच हे.

टाकीत काय बघतात?

टाकीत प्राणी नुसता ठेवून चालत नाही. त्याला ऑक्सिजन हवा, घाण बाहेर पडायला हवी. म्हणून दाबाखालीच सतत ताजं थंड पाणी आत ढकलतात आणि तेवढंच बाहेर सोडतात. जाड खिडकीतून कॅमेरा बघतो.

फ्रान्समधल्या ब्रूस शिलिटो यांच्या गटाची ‘इपोकॅम्प’ ही अशीच टाकी आहे. पोलादी, सुमारे १९ लिटरची आणि ३०० वातावरण दाबापर्यंत चालणारी. याच गटाने ‘पेरिस्कोप’ नावाचं दाब टिकवणारं पकड-यंत्र बनवलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात अटलांटिकच्या तळावरच्या गरम झऱ्यांजवळून, सुमारे २,३०० मीटरवरून, एक मासा जिवंत वर आणल्याची नोंद आहे. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या ब्रेस्ट शहराच्या ओशनोपोलिस मत्स्यालयात ‘ॲबिस बॉक्स’ हे प्रदर्शन सुरू झालं. तिथे सुमारे १,७०० मीटरवरच्या कोळंब्या आणि खेकडे सुमारे १८० वातावरण दाबाखाली सामान्य लोकांना जिवंत बघायला मिळाले.

अशा टाक्यांमधून काय मिळतं?

• प्राणी श्वासासाठी किती ऑक्सिजन वापरतो, याचं मोजमाप. अमेरिकेतल्या मॉन्टेरे बे संशोधन संस्थेत २००५ च्या सुमारास माशांसाठी सापळा आणि श्वासमापक एकत्र असलेलं यंत्र तयार झालं.
• पाणी किती तापलं की प्राण्याला त्रास होतो, याची मर्यादा.
• उथळ पाण्यातले प्राणी किती दाब सोसतात, याचा अंदाज. समुद्र तापत असताना ते खोल पाण्यात सरकू शकतील का, हे यावरून कळतं.
• आणि दाबाशिवाय जगूच न शकणारे जीव. १९८१ मध्ये यायानोस यांनी मरियाना गर्तेत १०,४७६ मीटरवर सापडलेल्या ॲम्फिपॉडमधून असा जिवाणू मिळवला, जो आपल्या साध्या हवेच्या दाबाला वाढतच नव्हता. त्याला ६९० वातावरण दाब सर्वांत मानवत होता.

जपानच्या जॅमस्टेक संस्थेने पुढे मरियाना गर्तेच्या १०,८९८ मीटर खोलीवरच्या गाळातूनही असे जिवाणू वाढवले. त्यातल्या एकाचं नाव ठेवलं ‘मोरिटेला यायानोसी’.

गोव्याने काय केलं?

गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, १ जानेवारी १९६६ रोजी ती स्थापन झाली. मराठी-कोकणी भागातलं खोल समुद्राच्या अभ्यासाचं हे सर्वांत मोठं केंद्र.

इथे चंद्रलता रघुकुमार आणि शेषगिरी रघुकुमार यांनी एक वेगळाच प्रश्न घेतला. समुद्रतळाच्या गाळात बुरशी सापडते. पण ती तिथली रहिवासी आहे, की जमिनीवरून वाऱ्या-पाण्याबरोबर वाहत गेलेले तिचे बीजाणू नुसते तिथे पडून आहेत? सापडलेल्या बुरशांमध्ये ॲस्परजिलस होती, म्हणजे आपल्या शिळ्या भाकरीवर दिसणाऱ्या बुरशीच्याच कुळातली. त्यामुळे शंका रास्त होती.

उत्तर शोधायला एकच मार्ग होता. तिला समुद्रतळासारख्या परिस्थितीत ठेवायचं आणि वाढते का ते बघायचं. बुरशीचं पोषणद्रव्य पाण्यासारखं असतं. ते हवा न ठेवता प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून दाबाच्या भांड्यात ठेवलं की बाहेरचा दाब जसाच्या तसा आत पोचतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी हजार मीटरच्या आतबाहेरच्या खोलीवरच्या बुरशा १०० वातावरण दाबाखाली वाढताना दाखवल्या. पुढे समीर दामरे यांच्यासह त्यांनी मध्य हिंदी महासागर खोऱ्यातल्या सुमारे पाच हजार मीटर खोलीवरच्या गाळाकडे मोर्चा वळवला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात काही बुरशा २०० वातावरण दाबाखालीही वाढल्या. काहींनी तर थंडीतही काम करणारी, प्रथिनं तोडणारी विकरं तयार केली. अशी विकरं थंड पाण्यात कपडे धुणाऱ्या पावडरीसाठी उपयोगी ठरू शकतात.

२००४ मध्ये याच गटाने छागोस गर्तेतल्या सुमारे ५,९०० मीटर खोलीवरच्या गाळाचा उभा नमुना तपासला. १ लाख ८० हजार ते ४ लाख ३० हजार वर्षं जुन्या थरांमधून त्यांना जिवंत वाढणारी बुरशी मिळाली.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. बुरशीचे बीजाणू चिवट असतात. गाळ वर येताना दाब सुटला तरी प्रयोगशाळेत तो पुन्हा देता येतो. खेकडा, मासा किंवा समुद्री काकडीच्या बाबतीत हे चालत नाही. एकदा दाब सोडून मारलेला प्राणी पुन्हा दाबून जिवंत होत नाही.

याचा आपल्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो पैशांचाही आहे.

२६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ या जहाजाने अरबी समुद्राच्या तळावरून पहिला बहुधातुक गोळा वर आणला. बटाट्याएवढ्या या काळ्या गोळ्यांमध्ये मँगनीज, निकेल, तांबं आणि कोबाल्ट असतं. १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागर खोऱ्यात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळालं. त्यातलं ७५ हजार चौरस किलोमीटर आज भारताच्या शोधकामासाठी राखलेलं आहे. ही जागा कन्याकुमारीपासून दोन हजार किलोमीटरहून जास्त दक्षिणेला आहे.

हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. त्यांच्यावर आणि भोवतीच्या मऊ गाळात कृमी, कवचधारी, समुद्री काकड्या राहतात. गोळे काढायचे म्हणजे गाळ ढवळणार, पाणी गढूळ होणार.

हे किती नुकसानीचं आहे, हे पाहायला गोव्याच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये सुमारे ५,४०० मीटर खोलीवर तीन किलोमीटर लांब आणि २०० मीटर रुंद पट्ट्यातला गाळ मुद्दाम ढवळला. तळजीवांचे अभ्यासक बबन इंगोले, या प्रयोगातले राहुल शर्मा आणि सहकाऱ्यांनी त्याआधीचे आणि नंतरचे नमुने तपासले. पुढची काही वर्षं ते त्याच जागी परत जात राहिले. ढवळल्यावर तळजीवांची संख्या घटल्याचं त्यात दिसलं.

पण या पद्धतीत मोजता येतं ते किती प्राणी उरले एवढंच. एखादा प्राणी गढूळ पाण्यात तग धरतो का, त्याचा श्वास वाढतो का, तो खाणं थांबवतो का, हे मेलेल्या नमुन्यावरून कळत नाही. शेतात फवारणी केल्यावर फक्त मेलेले किडे मोजले आणि मधमाश्या परागीभवन करतात की नाही ते पाहिलंच नाही, असं ते होईल. किती गढूळपणा चालेल, याची रेघ ओढायची तर जिवंत प्राणी त्याच्या दाबात, त्याच्या थंडीत ठेवून बघावा लागतो. नाहीतर प्राण्याच्या घरी जाऊन बघावं लागतं.

घरी जाऊन बघण्याची तयारी भारतात सुरू आहे. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने ४,०७७ कोटी रुपयांच्या ‘खोल महासागर मोहिमे’ला मंजुरी दिली. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य ६०००’ ही तीन माणसांना ६,००० मीटरपर्यंत नेणारी पाणबुडी तयार करत आहे. माणसं बसतील तो टायटॅनियमचा गोल २.१ मीटर व्यासाचा आहे आणि त्याची भिंत ८० मिलिमीटर जाड आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भारतीयांनी फ्रान्सच्या ‘नोटील’ पाणबुडीतून बुड्या मारल्या. त्यातली एक ५,००२ मीटरपर्यंत गेली.

गंमत पाहा. प्राणी वर आणायचा तर त्याच्यासाठी मोठ्या दाबाची टाकी लागते आणि माणूस खाली न्यायचा तर त्याच्यासाठी साध्या दाबाचा गोल लागतो. दोघेही परक्या घरात आपापल्या घरची हवा सोबत घेऊन जातात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दाबाच्या टाकीत प्राणी किती दिवस जगतो?
जातीवर अवलंबून आहे. काही तास किंवा काही दिवस हे नेहमीचं. गरम झऱ्यांजवळच्या कोळंब्या आणि खेकड्यांसारखे काटक प्राणी मात्र जास्त काळ टिकतात, म्हणून ते प्रदर्शनात ठेवता आले.

टाकी फुटली तर स्फोट होतो का?
पाणी फारसं दबत नसल्याने पाण्याने भरलेल्या टाकीत गॅसच्या टाकीएवढी ऊर्जा साठत नाही. पण दाब टिकवणाऱ्या कुपीत वायू असतो आणि शेकडो वातावरण दाबाची बारीक चिळकांडीही कातडी कापू शकते. म्हणून काळजी घ्यावीच लागते.

दाब हळूहळू कमी केला तर प्राणी साध्या टाकीत जगेल का?
काही शे मीटरवरच्या काही प्राण्यांना हे जमतं. फार खोल राहणाऱ्यांना जमत नाही, कारण त्यांच्या पेशींची रचनाच वेगळी असते. सवय लावून ती बदलत नाही.

आता फक्त कॅमेरे पाठवून भागत नाही का?
वागणूक बघायला कॅमेरा उत्तमच. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटरवरच्या गरम झऱ्याचं छायाचित्र स्वयंचलित यानाने टिपलं, त्यात गोव्याच्या वास्कोमधल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचा वाटा होता. पण श्वास, रक्त, विकरं मोजायची तर प्राणी हाताशी असावा लागतो.

मग ब्लॉबफिशचं काय?
त्याचं नशीब थोडं पालटलंय. मार्च २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या लोकांनी मतदान करून त्याला ‘फिश ऑफ द इयर’ निवडलं.

तेव्हा यापुढे खोल समुद्रातल्या एखाद्या विचित्र प्राण्याचा फोटो फॉरवर्ड झाला, तर हसण्याआधी एकच गोष्ट बघा. फोटो त्याच्या घरी काढलाय, की जहाजाच्या डेकवर? डेकवरचा असेल, तर तुम्ही बघताय तो त्या प्राण्याचा चेहरा नाही. घरापासून तोडलेल्या, दाब सुटलेल्या शरीराची ती अवस्था आहे.